तात्पुरता मुक्काम कायमचा होताना: घरातल्या ज्येष्ठांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आई-वडील, सासू-सासरे, कधी एखादी एकटी राहिलेली आत्या. काही दिवसांसाठी म्हणून त्यांना केअर सेंटरमध्ये ठेवलं आणि आता परत घरी आणणं जमेलसं दिसत नाही, अशा घरांतून हे प्रश्न येत राहतात. शब्द थोडे बदलतात, काळजी तीच असते. वडिलांच्या बाबतीत मी स्वतः यातून गेले आणि त्यानंतर बऱ्याच घरांबरोबर या टप्प्यावर बसले. कायदा, सरकारी मदत आणि खर्चाचे नियम देशागणिक वेगळे आहेत, ते तिथल्या जाणकाराकडूनच समजून घ्या. बाकीचं कुठेही लागू पडेल असं आहे.

१. तात्पुरता मुक्काम आणि कायमचा मुक्काम यात फरक काय? खोली तीच, माणसंही तीच.

तात्पुरता मुक्काम, म्हणजे रेस्पाइट, हा सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या विसाव्यासाठी असतो. तिचं ऑपरेशन ठरलेलं असतं, परगावी जावं लागतं, कधी नुसती सलग झोप हवी असते. मग आठवडा-दोन आठवडे ज्येष्ठांना सेंटरमध्ये ठेवायचं आणि परत आणायचं. तेवढ्या दिवसांत सेंटरने त्यांना आले तसे परत पाठवावं, एवढीच अपेक्षा असते. औषधं वेळेवर द्यायची, पोटात अन्न जाईल हे बघायचं, पडू द्यायचं नाही.

कायमच्या मुक्कामात माणसाचं पुढचं आयुष्य सांभाळायचं असतं. पाय का सुजतात, दात शेवटचे कधी तपासले, रात्री किती वाजता जाग येते, आंघोळ सकाळी आवडते की दुपारी, सहा महिन्यांनी चालणं आणखी कमी झालं तर काय करायचं. यासाठी नव्याने तपासणी हवी, लिहिलेली काळजीची योजना हवी आणि ठरावीक काळाने तिचा आढावा हवा. खोली तीच राहिली की हे सगळं राहून जातं, कारण 'आता कायम' असं मोठ्याने कुणी म्हणतच नाही.

२. आता घरी जमणार नाही, हे ओळखायचं कसं?

दोन बाजूंनी बघा. पहिली बाजू त्यांची. अमेरिकन डॉक्टर सिडनी कॅट्झ यांनी १९६३ मध्ये रोजच्या सहा गोष्टींची एक यादी मांडली, ती आजही जगभर वापरतात: आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, पलंगावरून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावर ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणं. साधारणपणे आंघोळ सगळ्यात आधी जड जाते आणि हाताने जेवणं सगळ्यात शेवटी सुटतं. यातल्या किती गोष्टींना दुसऱ्याचा हात लागतो ते मोजा. मुख्य म्हणजे, उठवायला एक माणूस पुरतो की दोन लागतात हे सेंटरमधल्या लोकांना विचारा. तात्पुरत्या मुक्कामाचा हा मोठा फायदा आहे. तुम्ही एकटीने ओढत होतात ते काम तिथे दोघी-तिघी पाळीपाळीने करतात, असं कळतं तेव्हा घरी आपण काय करत होतो याचा अंदाज येतो.

दुसरी बाजू तुमची. सांभाळणाऱ्यावरचा ताण मोजण्यासाठी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन झॅरिट यांची २२ प्रश्नांची यादी प्रसिद्ध आहे, ती डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे भरता येते. पण मी आधी एकच गोष्ट विचारते: रात्री कितीदा उठता? सात रात्री उशाशी कागद ठेवा आणि उठाल तेव्हा एक रेघ ओढा. दिवसाचं काम वाटून घेता येतं. बहुतेक घरं थकतात ती रात्रीमुळे, आणि हे कुणी बोलून दाखवत नाही.

एक सावधगिरी. हॉस्पिटलमधून नुकतेच आले असतील तर त्या आठवड्यातली ताकद बघून कायमचा निर्णय घेऊ नका. पडून राहिल्याने गेलेली ताकद व्यायामाने आणि खाण्याने काही आठवड्यांत बरीच परत येऊ शकते. फिजिओथेरपिस्टला स्पष्ट विचारा की हे इथेच थांबणार आहे की अजून सुधारणार आहे.

३. सेंटर म्हणतं 'आणखी एक महिना वाढवू'. तिसऱ्यांदा वाढवतोय. वेगळा निर्णय घ्यायलाच हवा का?

हवाच. माझ्याच घरात काय झालं ते सांगते.

बाबांना तीन आठवड्यांसाठी ठेवलं होतं. तिथे तात्पुरत्या माणसांची नावं दारावर कागदाच्या पट्टीवर पेनने लिहून चिकटपट्टीने लावत. कायमच्यांना प्लॅस्टिकची छापील पाटी असे. मी दोनदा मुदत वाढवली, तिसऱ्यांदा फोनवरच 'हो, राहू दे' म्हणाले आणि फॉर्मवर सही करून आले. बाबांशी बोलायचं पुढच्या खेपेला ठरवलं होतं. त्याआधीच कुणीतरी त्यांच्या दारावर छापील पाटी लावली. मी गेले तेव्हा ते दारासमोर वॉकर धरून उभे होते. पाटीवर बोट ठेवून म्हणाले, "हे कुणी ठरवलं?" त्यांची बॅग पलंगाखाली होती, चेन लावलेली. तीन महिने ते रोज सकाळी कपडे त्यातून काढत होते आणि संध्याकाळी घडी करून परत त्यातच ठेवत होते. कपाट रिकामंच होतं.

मुदत वाढवत राहिलं की निर्णय होतो, फक्त तो कुणी घेतलेला नसतो. त्यामुळे नव्याने तपासणी होत नाही, करार बदलत नाही आणि ज्यांचं आयुष्य आहे त्यांना पाटीवरून कळतं. म्हणून दुसऱ्यांदा मुदत वाढवायची वेळ आली की थांबा. तारीख ठरवून बसा: घरची माणसं, सेंटरची जबाबदार व्यक्ती आणि स्वतः ज्येष्ठ. परत जाणं, इथे राहणं, दुसरीकडे जाणं, तिन्ही पर्याय समोर ठेवा आणि काय ठरलं ते लिहून काढा.

४. 'थोडेच दिवस' असं सांगून आणलं आहे. आता खरं कसं सांगू?

बसून, दिवसाउजेडी, त्यांच्या जवळच्या माणसाने. फोनवर नको, निघताना दारात नको, आणि नर्सवर तर मुळीच सोपवू नका. सकाळ बरी, कारण संध्याकाळी बरेच ज्येष्ठ थकलेले आणि गोंधळलेले असतात.

वाक्यं छोटी ठेवा. "बाबा, मी तीन आठवडे म्हटलं होतं. तेव्हा मला तसंच वाटत होतं. आता घरी तुम्हाला रात्री एकटीने उठवणं मला जमत नाही. तुम्ही इथे राहावं असं आम्हाला वाटतं. तुम्हाला काय वाटतं?" कारण स्वतःकडे घ्या. 'तुम्ही फार त्रास देता' असा सूर चुकूनही लागू देऊ नका. 'डॉक्टरांनीच सांगितलंय' म्हणून डॉक्टरांच्या पदराआडही लपू नका, ज्येष्ठांना ते बरोबर कळतं.

ते रागावतील, कदाचित रडतील, कदाचित दोन दिवस बोलणार नाहीत. तो राग ऐकून घेणं हाच या बोलण्याचा अर्धा भाग आहे. लगेच समजूत घालायला धावू नका. आणि त्यांच्या हातात काय उरतं तेही त्याच बैठकीत सांगा: कुठली खोली, कोणत्या वस्तू, भेटीचे कोणते वार, कुणाला फोन करायचा.

५. आईला डिमेन्शिया आहे. सांगितलेलं अर्ध्या तासात विसरते. मग तिला विचारायचं तरी कशाला?

विसरते म्हणजे तिला मत नाही असं होत नाही. निर्णयक्षमता सगळी आहे किंवा सगळी गेली, अशी नसते. ती निर्णयागणिक बदलते. घराच्या व्यवहाराचे कागद तिला समजणार नाहीत, पण एकटीची खोली हवी की सोबतीची, खिडकीकडचा पलंग हवा की दाराकडचा, हे ती सांगू शकते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कराराचं कलम १२ हेच सांगतं की निर्णय घेण्यासाठी माणसाला आधार द्यावा, त्याची इच्छा आणि पसंती धरून चालावं.

विचारायची पद्धत बदला. 'तुला इथे कायम राहायचंय का?' हा फार मोठा प्रश्न झाला. दोन चित्रं दाखवा, दोन खोल्या प्रत्यक्ष दाखवा. कुठल्या खोलीत खांदे सैल पडतात, कुठे ती दाराकडे बघत राहते, तेही उत्तरच आहे. पूर्वी बरी असताना ती काय म्हणायची तेही आठवून लिहून ठेवा. सही आणि व्यवहाराच्या अधिकारांबद्दल प्रश्न १७ पाहा.

६. रोज संध्याकाळी 'मला घरी ने' म्हणते. काय उत्तर देऊ?

'हेच तुझं घर आहे' म्हणून वाद घालू नका आणि 'उद्या नेते' असंही म्हणू नका. डिमेन्शियात संध्याकाळी अस्वस्थता वाढणं हे नेहमीचं आहे. कमी होत जाणारा उजेड, दिवसभराचा थकवा, कर्मचाऱ्यांची पाळी बदलतानाची वर्दळ, सगळं एकदम येतं. आणि 'घर' म्हणजे बऱ्याचदा तुमचं आजचं घर नसतंच. ते साठ वर्षांपूर्वीचं असतं, जिथे कुणीतरी तिची वाट बघत होतं.

तिच्या शब्दांमागच्या भावनेला उत्तर द्या. "घराची आठवण येते ना? कोण असायचं घरी?" तिला बोलू द्या. मग पाठीवर हात, थोडं चालणं, खोलीत उजेड. आणि दर वेळी तपासा: लघवीला जायचंय का, थंडी वाजतेय का, काही दुखतंय का. 'घरी ने' याचा अर्थ बरेचदा 'मला बरं वाटत नाहीये' असा असतो.

डिमेन्शिया नसलेला माणूस हेच म्हणत असेल तर गोष्ट वेगळी. ती मागणी आहे आणि तिला प्रश्न ४ प्रमाणे समोरासमोर उत्तर द्यावं लागतं.

७. जिथे तात्पुरतं ठेवलं तिथेच कायम ठेवावं की दुसरं सेंटर शोधावं?

ओळखीचे चेहरे ही मोठी जमेची बाजू आहे आणि प्रत्येक हलवाहलव त्रासाची असते. तरीही आपोआप 'तिथेच' म्हणू नका. दोन आठवड्यांसाठी घराजवळ असणं पुरतं, पाच वर्षांसाठी नाही.

न कळवता, संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी जा. रात्रपाळीला किती माणसं किती जणांमागे असतात ते विचारा. बेल वाजल्यावर कोण किती वेळात येतं ते बसून बघा. भरवणारी व्यक्ती शेजारी बसून भरवते की उभ्याने? पलंगाला खिळलेल्यांची कूस बदलल्याची नोंद असते का? ती वही दाखवायला सांगा. टाचा आणि माकडहाड, बेडसोअरची, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमांची, सुरुवात बहुतेक तिथून होते. त्या जागा रोज कोण बघतं? आणि सर्वात महत्त्वाचं: पुढे चालणं थांबलं, नळीने भरवावं लागलं किंवा डिमेन्शिया वाढला, तरी इथेच ठेवाल का? 'नाही' असं उत्तर आलं तर दोन-तीन वर्षांनी आणखी एक स्थलांतर ठरलेलंच आहे. ते आजच हिशोबात धरा.

८. करारात काय बघायचं?

तात्पुरत्या फॉर्मवर पुढे चालू ठेवू नका, नवा करार मागा. मूळ रकमेत काय येतं आणि काय वेगळं लागतं (डायपर, औषधं, डॉक्टरची भेट, फिजिओ, कपडे धुणं), रक्कम किती सूचनेने वाढते, हॉस्पिटलमध्ये असतानाच्या दिवसांचे पैसे लागतात का, सोडून जायचं झाल्यास किती दिवस आधी सांगायचं, आणि सेंटर स्वतःहून कोणत्या कारणासाठी जायला सांगू शकतं. शेवटचं कलम दोनदा वाचा.

९. औषधं आणि कागद कोणते द्यायचे?

औषधांची यादी नव्याने बनवून घ्या, जुनीच्या झेरॉक्सवर चालवू नका. तात्पुरत्या मुक्कामासाठी घाईत लिहिलेल्या यादीत झोपेची गोळी किंवा पाच दिवसांचं अँटासिड महिनोन्‌महिने तसंच चालू राहिलेलं मी पाहिलं आहे. वयस्कर लोकांनी शक्यतो टाळावीत अशा औषधांची यादी अमेरिकेत डॉक्टर मार्क बिअर्स यांनी १९९१ मध्ये पहिल्यांदा मांडली. ती वेळोवेळी सुधारली जाते आणि डॉक्टरांना माहीत असते. 'बिअर्सच्या यादीतलं यात काही आहे का?' एवढं विचारलं तरी पुरे.

पार्किन्सन असेल तर एक गोष्ट लाल अक्षरांत लिहून द्या. लेव्होडोपाची, म्हणजे पार्किन्सनवरच्या मुख्य औषधाची, गोळी ठरल्या मिनिटाला लागते. 'सकाळच्या गोळ्यांबरोबर' देऊन चालत नाही. अर्धा-पाऊण तास उशीर झाला तरी माणूस ताठरतो, उठता येत नाही, गिळणं अवघड होतं. उलटीसाठीचं मेटोक्लोप्रमाइडही अशा माणसाला देऊ नये.

बाकी: अॅलर्जी, जुने रिपोर्ट, चष्म्याचा नंबर, कवळी आणि श्रवणयंत्र यांवर नाव.

१०. खोलीत घरचं काय न्यावं?

कमी न्या, पण वापरातलं न्या. शोभेची फ्रेम नेण्यापेक्षा ज्या खुर्चीत ते रोज बसायचे ती खुर्ची न्या, बसेल तर. वापरलेलं पांघरूण न धुता न्या, त्याला घरचा वास असतो. घड्याळ मोठ्या आकड्यांचं हवं, पलंगावर पडल्या पडल्या दिसेल असं. मागे नावं लिहिलेले फोटो, म्हणजे नवीन आलेल्या मदतनिसालाही 'ही कोण?' विचारून बोलणं सुरू करता येतं. घसरणारी पायपुसणी मात्र नको.

आणि त्यांच्यावर काहीतरी सोपवा. १९७६ मध्ये एलन लँगर आणि जूडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एका नर्सिंग होममध्ये एक प्रयोग केला. एका मजल्यावरच्या रहिवाशांना छोटे छोटे निर्णय स्वतः घ्यायला सांगितले आणि आवडीचं रोपटं निवडून त्याची काळजी घ्यायला दिलं. दुसऱ्या मजल्यावर रोपटी दिली, पण पाणी कर्मचारीच घालणार होते. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरचे लोक जास्त सजग आणि आनंदी दिसले. बाबांना मी पत्रव्यवहाराची फाईल नेऊन दिली होती. महिन्याची बिलं तेच लावून ठेवत. ज्या दिवशी त्या फाईलसाठी त्यांनी कपाटात जागा केली, त्या दिवशी बॅगेतले कपडेही कपाटात गेले.

११. 'रुळेपर्यंत पहिले दोन आठवडे भेटायला येऊ नका' असं सांगतात. ऐकावं का?

माझं मत: नाही. जागा बदलल्याने ज्येष्ठांना होणाऱ्या त्रासाला परिचर्येच्या क्षेत्रात स्वतंत्र नाव आहे, स्थलांतराचा ताण. उत्तर अमेरिकेच्या परिचर्या-निदान संघटनेने १९९२ मध्ये तो आपल्या यादीत घेतला. चिंता, एकटेपणा, झोप उडणं, भूक मंदावणं ही त्याची लक्षणं. अशा वेळी ओळखीचा चेहरा काढून घेणं मला पटत नाही.

भेटी छोट्या आणि ठरलेल्या वेळी ठेवा. तासन्‌तास बसून शेवटी दोघांनी रडत निरोप घेण्यापेक्षा एक दिवसाआड अर्धा तास बरा. तिथलं काहीतरी काम सुरू असताना किंवा जेवणाच्या आधी निघा, म्हणजे त्यांना लगेच कशात तरी गुंतता येतं. पुढच्या भेटीचा वार मोठ्या अक्षरात भिंतीवर लिहून या.

१२. हलवल्यापासून आई बरळतेय. माणसं दिसतात म्हणते. जागा बदलल्यामुळेच ना?

असं गृहीत धरू नका. आज, आत्ता डॉक्टरांना दाखवा. काही तासांत किंवा दिवसांत अचानक आलेला गोंधळ म्हणजे बहुधा डिलिरियम. त्याच्यामागे शरीरातलं कारण असतं: लघवीतला किंवा छातीतला संसर्ग, पाणी कमी पडणं, लघवी अडकणं, बद्धकोष्ठता, नवीन गोळी, न सांगता आलेलं दुखणं, कधी पडल्यामुळे डोक्याला लागलेलं.

अमेरिकन डॉक्टर शॅरन इनूये यांच्या गटाने १९९० मध्ये मांडलेली तपासणीची पद्धत घरच्यांनीही लक्षात ठेवावी. अचानक सुरुवात आणि दिवसभरात कमी-जास्त होणं, आणि लक्ष एकाग्र न होणं, या दोन गोष्टी हव्यातच. त्यांच्या जोडीला विस्कळीत बोलणं किंवा जागेपणात बदल, यातलं एक असलं की डिलिरियमचा संशय घ्यावा.

बरळणारी आई निदान लक्षात तरी येते. गप्प होऊन दिवसभर झोपून राहणारी सुटून जाते. 'छान शांत रुळल्या' असं सेंटर म्हणेल, पण तुम्ही तिला चाळीस वर्षं ओळखता. ती अशी नसेल तर तसं ठणकावून सांगा.

१३. 'शांत राहण्यासाठी' गोळी सुरू करू का, असं विचारतात.

आधी प्रश्न १२ मधली कारणं तपासून झाली आहेत का ते विचारा. डिमेन्शिया असलेल्या ज्येष्ठांमध्ये अँटीसायकोटिक औषधांनी (भास-भ्रम आणि आक्रमकपणा आटोक्यात आणण्यासाठी देतात ती) मृत्यूचा धोका वाढतो, अशी ठळक सूचना अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २००५ मध्ये नव्या औषधांवर आणि २००८ मध्ये जुन्या औषधांवरही घालायला लावली. लेवी बॉडी प्रकारच्या डिमेन्शियात तर ती फार जड जाऊ शकतात. कधी खरोखर गरज पडते, तेव्हा कारण लिहिलेलं असावं, मात्रा कमी असावी आणि बंद कधी करून बघायची याची तारीख असावी. तुमच्या संमतीशिवाय सुरू करू नये, हे योजनेत नोंदवून घ्या. आधीपासून चालू असेल तर स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका.

१४. कपडे सैल व्हायला लागलेत. किती वजन उतरलं तर काळजी करायची?

महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के. म्हणजे ६० किलोंचा माणूस महिन्यात ३ किलोंनी उतरला तर ते 'वयामुळे' नव्हे. आल्या दिवशीचं वजन लिहून घ्या, नाहीतर पुढे तुलना कशाशी करणार? कवळी बसते का, गिळताना ठसका लागतो का, ताट पुढे ठेवून निघून जातात का, हे जेवणाच्या वेळी स्वतः बसून बघा.

१५. भावंडांचं पटत नाही. लांब राहणारा भाऊ म्हणतो, 'घरीच ठेवायचं'.

त्याला सलग चार दिवस आणि चार रात्री सांभाळायला बोलवा, भांडण म्हणून नव्हे, खरोखर. वीस मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर प्रत्येक आई टवटवीत दिसते. येणं शक्यच नसेल तर प्रश्न २ मधला रात्रीच्या रेघांचा कागद त्याला पाठवा. आणि मग 'घरी ठेवायचं' याचे तपशील त्यालाच भरू द्या: रात्री कोण, आंघोळ कोण, मदतनीस न आल्यास कोण. कधी कधी त्याच्याकडून खरंच चांगला मार्ग निघतो, तोही मोकळ्या मनाने ऐका.

१६. आई-बाबा दोघेही आहेत. गरज फक्त बाबांना आहे. आईचं काय?

हा मला सगळ्यात अवघड वाटणारा प्रश्न आहे. पन्नास-साठ वर्षांत पहिल्यांदा दोघं वेगळ्या छताखाली झोपणार असतात. दोघांनाही नेता येईल असं ठिकाण असेल तर बघा, पण आईला 'सोबत म्हणून' नेताना तिला विचारा. तिथेही तिने रात्री उठून त्यांचं बघावं अशी अपेक्षा असेल तर तिची सुटका झालेलीच नाही.

ती घरी राहणार असेल तर पहिल्या महिन्यात बाबांपेक्षा तिच्याकडे जास्त लक्ष द्या. दिवसभराचं काम एकदम संपतं, घर शांत होतं, आणि आजवर दाबलेलं तिचं स्वतःचं दुखणं वर येतं. तिचा रक्तदाब, झोप, खाणं बघा. सेंटरमध्ये तिला एक काम राखून ठेवता येतं. एक काकू रोज दुपारी जाऊन नवऱ्याची दाढी करून देत. कर्मचाऱ्यांनी ती वेळ त्यांच्यासाठी मोकळी ठेवली होती.

१७. सह्या कुणी करायच्या? बाबांचं घर विकावं लागेल का?

अनेक देशांत साधं मुखत्यारपत्र माणसाची निर्णयक्षमता गेली की चालत नाही. त्यानंतरही लागू राहील अशी वेगळी तरतूद काही ठिकाणी आहे आणि ती क्षमता शाबूत असतानाच करावी लागते. म्हणून वकिलाकडे आजच जा. पैशांच्या व्यवहाराचा अधिकार आणि उपचारांच्या निर्णयाचा अधिकार बऱ्याच ठिकाणी वेगवेगळा असतो, तेही विचारा.

घराची घाई करू नका. पैशाची निकड नसेल तर पहिले काही महिने घर तसंच राहू द्या. आवराआवर कराल तेव्हा जमत असेल तर त्यांना एकदा तिथे नेऊन आणा आणि काय कुणाला द्यायचं ते त्यांना सांगू द्या.

१८. सेंटरच म्हणतंय, 'आम्हाला यांना सांभाळणं जमत नाही'. आता?

कारण लेखी मागा. 'रात्री ओरडतात' हे झालं वर्णन. कधी, किती वेळा, त्याआधी काय घडलं, तुम्ही काय करून पाहिलं, अशी आठवड्याभराची नोंद मागा. बऱ्याचदा त्यातच उत्तर सापडतं. एका आजोबांचं ओरडणं फक्त कूस बदलताना व्हायचं, कारण त्यांचा खांदा दुखत होता. डिमेन्शियातलं दुखणं ओळखायला पेनॅड ही पाच निरीक्षणांची पद्धत २००३ पासून वापरात आहे: श्वास, आवाज, चेहरा, शरीराची हालचाल आणि धीर दिल्यावर शांत होतात का. ती वापरली का, हे विचारा. तरीही जमत नसेल तर करारातली मुदत पूर्ण वापरा आणि नव्या ठिकाणी ही नोंद घेऊनच जा. लपवलंत तर महिन्याभरात तिथेही हेच घडेल.

१९. कायम ठेवल्यावर परत घरी आणता येतं का?

येतं. प्रकृती सुधारते, घरात माणूस वाढतो, चांगली मदत मिळते. म्हणूनच पहिल्या तीन महिन्यांनंतर आढाव्याची तारीख आधीच ठरवा आणि तोवर घरातला त्यांचा पलंग मोडू नका. मात्र दर आठवड्याला 'बघू, कदाचित नेऊ' म्हणत राहणं टाळा, त्याने ते कुठेच रुळत नाहीत. दोन दिवस घरी आणून परत नेणं काहींना मानवतं, काहींना फार जड जातं. एकदा करून बघा आणि परतल्यानंतरच्या दोन दिवसांवरून ठरवा.

२०. शेवट जवळ आला तर हॉस्पिटलमध्ये हलवायचं की तिथेच ठेवायचं?

हे आधी ठरवून, लिहून, फाईलच्या पहिल्या पानावर लावायचं असतं. ठरलेलं नसेल तर रात्री दोन वाजता ड्यूटीवर असलेली मुलगी घाबरून अँब्युलन्स बोलावते, आणि तिची त्यात चूक नसते. ज्येष्ठांना बोलता येत असेल तर त्यांनाच विचारा, त्यातल्या बऱ्याच जणांना कुणीतरी विचारेल याची वाट असते. सेंटरला विचारा: वेदनेवरची औषधं इथे देता येतात का, रात्री डॉक्टर येतात का, नातेवाइकाला रात्रभर बसता येतं का, खुर्ची मिळते का. फोन आधी कुणाला, तो उचलला नाही तर कुणाला, असे दोन नंबर तिथे लिहा. आणि त्या दोघांनी रात्री फोन सायलेंटवर ठेवू नये.